तेवीस दिवसांची जागा

कान्नानची सून ओकबुन, ओकबुनची सून जॉमसुन, आणि जॉमसुनची सून मी, यांगिम. आम्हां चौघींच्या अंगात रक्ताचा एक थेंबही सारखा नाही, आडनावेही चार निराळी. सारखी आहे ती दळणाची विद्या. कान्नान खेड्यात पायाने चालणाऱ्या उखळावर लोकांचे भात कांडून देत असे. ओकबुनने लढाई संपल्यावर सोलमध्ये येऊन एका फाटक्या तंबूत जाते मांडले. जॉमसुनने विजेची मोटर आणली आणि मांगवनच्या बाजारामागे, नदीकडे उतरत जाणाऱ्या गल्लीच्या पायथ्याशी, एक गाळा भाड्याने घेतला. त्या गाळ्यात मी छप्पन्न वर्षे लोकांची मिरची दळते, तीळ भाजून तेल काढते आणि सणासुदीला तांदळाच्या वाफवलेल्या वड्या करते. माझ्या एकुलत्या एका मुलीने शिक्षिकेची नोकरी धरली, तेव्हा पाचवे नाव या साखळीत यायचे नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही ही चार नावे मी प्रथम सांगितली, आणि मिरवण्यासाठीच सांगितली. ज्यांना हे रुचत नसेल त्यांनी दळण दुसरीकडे न्यावे.

ज्या सोमवारी हे सुरू झाले, त्या दिवशी मी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर प्रथमच गिरण उघडली होती. सहा आठवडे दार बंद होते. आत मिरचीचा वास शिळा होऊन भिंतींत मुरला होता, आणि मिरचीच्या यंत्राच्या रुळांवरचे झाकण सैल होऊन खडखडत होते, कारण त्याचा एक बोल्ट झिजून गळून पडला होता. असा बोल्ट झिजणे ही वर्षाआड घडणारी गोष्ट आहे, आणि तिच्यावरचा उपायही ठरलेला आहे. तो मुठीत घ्यायचा, गल्ली चढून अकरा दारे ओलांडायची, आणि मा भावजींच्या लोखंडी सामानाच्या दुकानात जायचे. मी काठी घेतली आणि निघाले. पाटी तीच होती, हिरव्या अक्षरांची, दुसऱ्या अक्षराचा पाय उडालेली. दार ढकलताना मी समोर पाहिले नाही. त्या दुकानात कोणीच पाहत नसे. भर दुपारीही तिथे अंधार असायचा, आणि उन्हातून आलेल्या माणसाला हातानेच वाट काढावी लागायची. उजवीकडे तीन पावले, मग भिंतभर लाकडी खण. तिसरी ओळ, पाचवा खण. माझा हात तिथे गेला, खण ओढला गेला, आत गेलेल्या बोटांना थंड, तेलकट, टोचरे लोखंड लागायला हवे होते. बोटांना काहीतरी मऊ लागले. मऊ, कोरडे, घडी घातलेले. मी हात तसाच ठेवून उभी राहिले. माणसाच्या अंगावर पाल पडली तर तो किंचाळतो. इथे तर मऊपणा होता, त्यावर किंचाळण्याची काही रीत नाही. मी डोळे सरावू दिले. तेव्हा कळले की सरावायला अंधारच नव्हता. दुकानात लख्ख उजेड होता, खणात कागदी रुमाल होते, आणि सात-आठ तरुण मुले-मुली कॉफीचे पेले हातात धरून माझ्याकडे पाहत होती.

“अगं, किती गोड आजी!” एक मुलगी दुसरीला म्हणाली. मला कोणी गोड म्हटल्याला साठ वर्षे झाली असावीत, आणि तेव्हाही ते मला आवडले नव्हते. मी खण लावला. मुठीतला बोल्ट समोरच्या फळीवर ठेवला आणि तिथे उभ्या असलेल्या, अंगावर मळकट रंगाचा पण नवा कोरा एप्रन घातलेल्या तरुणाला म्हणाले, “याच्या जोडीचे दोन.”

त्याने बोल्टकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. “आजी, हे आता कॉफीचं दुकान झालंय.”

“ते मला दिसतंय. पाटीवर मात्र लोखंडी सामान लिहिलंय.”

“पाटी मुद्दाम ठेवलीय, आजी. जुनी म्हणून.”

“म्हणजे खिळे मागायला आलेला माणूस मुद्दाम फसावा म्हणून?”

मागे कोणीतरी हसले. तो तरुण हसला नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि त्यामुळे तो मला एकदम वाईट वाटेनासा झाला. मी त्याला कॉफी आण म्हणाले. खरे तर मला कॉफी नको होती. मला बसायचे होते आणि पाहायचे होते. रागाला आयुष्यात मी पुष्कळ जागा दिली आहे, पण त्या क्षणी रागाच्या आधी कुतूहल येऊन बसले, आणि एकदा ते बसले की मी त्याला उठवत नाही. ही मुले इथे नेमके काय पाहायला येतात, हे मला जाणून घ्यायचे होते. जिथे मा भावजींचा शिकंजा होता त्या ठोकळ्यावर आता उशी होती, आणि तिच्यावर मी बसले. पायाखालच्या फरशीवर यंत्राच्या तेलाचा पन्नास वर्षांचा काळा डाग होता. तो घासून काढला नव्हता. त्यावर पारदर्शक लेप देऊन तो चकचकीत केला होता. पितळ कापले जाताना उठणारा तो आंबट वास मात्र लेपाखाली राहत नाही. तो गेला होता. मा भावजी किल्ली कापत, आणि कापून झाली की तिच्यावर फुंकर मारून ती आपल्या विजारीला पुसून देत. गिऱ्हाईकाच्या तळहातावर पडलेली किल्ली गरम असायची. मी वर पाहिले. भिंतीवर त्यांच्या हातची आकड्यांची यादी, खडूची, तशीच होती: कोणत्या मापाची साखळी, कोणत्या मापाचा पाइप. एक मुलगा तिचा फोटो काढत होता. त्याला त्या आकड्यांत काय दिसत होते? मला तर त्यांत एक मनुष्य दिसत होता, जो शाळा चौथीत सुटल्यामुळे सात हा आकडा उलटा काढत असे. मुलाला तो दिसत नसूनही काहीतरी दिसत होते, इतके खरे. नाहीतर त्याने गुडघे टेकून फोटो काढला नसता. मी विचारले, “बाळ, यात काय आहे?” तो म्हणाला, “खरं वाटतं, आजी.” मी या उत्तराचा विचार करीत राहिले. कॉफी कडू होती आणि चांगली होती. ती वाईट असती तर पुष्कळ गोष्टी सोप्या झाल्या असत्या.

तो तरुण, शिन त्याचे नाव, माझ्यासमोर येऊन अदबीने बसला. त्याने दोन्ही हातांनी मला एक लिफाफा दिला. सहा आठवड्यांत तो माझ्या बंद दाराशी तीन वेळा येऊन गेला होता, असे त्याने सांगितले. लिफाफा त्याचा नव्हता. आमच्या घरमालकाच्या मुलाने गल्लीतल्या पाच इमारती एका कंपनीला विकल्या होत्या, शिनचा गाळाही आता तिचाच होता, आणि कंपनीचे म्हणणे असे की माझा करार वर्षअखेरपर्यंत असला तरी मी छुसॉकच्या, म्हणजे सुगीच्या सणाआधी गाळा मोकळा केला, तर मला वरकड रक्कम मिळेल, आणि गिरणीची पाटी व मिरचीचे यंत्र जागेवरच सोडले, तर त्याहून अधिक. “तुम्हांला वाटलं तर शनिवार-रविवारी येऊन बसायचं, आजी,” शिन म्हणाला. “लोकांना तुम्ही आवडाल.”

“बसून काय करायचं?”

“काही नाही. नुसतं.”

“नुसतं बसायला मी मेल्यावर पुष्कळ वेळ आहे,” मी म्हणाले. पण मी लिफाफा परत केला नाही, आणि हे मी लपवणार नाही. माझा गुडघा बदललेला आहे. दिवसाला वीस गोण्या ओढण्याचे दिवस गेले. रक्कम पाहिल्यावर माझ्या मनात सर्वप्रथम खिडकीशी ऊन येणारी एक खोली आली, आणि तिच्यात मी नुसती बसलेली होते. मग मी विचारले, “मा कुठं गेले?” शिनला ठाऊक नव्हते. त्याच्या हातात जागा आली तेव्हा ती रिकामी होती. “माझाही करार दोनच वर्षांचा आहे, आजी,” तो एकदम म्हणाला, जणू मी ते विचारले होते. “गल्ली चालली की भाडं वाढणार. मग माझ्या पाटीचं कुणी काय करेल, कुणास ठाऊक.”

गल्ली उतरताना मी पहिल्यांदाच दारे नीट पाहिली. सहा आठवडे हा काही काळ नव्हे. एवढ्या दिवसांत सोयाबीनची चटणीसुद्धा मुरत नाही. पण गोधड्या भरून देणाऱ्या बाईच्या जागी साबणाचे दुकान होते, ज्यात साबण एकेक करून दिवाणखान्यातल्या मूर्तीसारखे मांडले होते. चपला शिवणाऱ्याच्या दारावर पांढरा कागद होता. बाजाराच्या तोंडाशी रहिवाशांनी कापडी फलक बांधला होता, ‘आम्हांला इथेच राहू द्या’, आणि त्याच्याखाली उभे राहून एक जोडपे स्वतःचा फोटो काढत होते. प्रत्येकजण भीत होता; परंतु भीतीपेक्षा जास्त मोठ्याने जे बोलले जात होते ते मा भावजींविषयी होते. दुपारी योंगतेची आई मिरचीची पोती घेऊन आली. ही बाई चाळीस वर्षे माझी गिऱ्हाईक आहे आणि चाळीस वर्षे तिला संशय आहे की मी तिची मिरची बदलते. आमच्या गिरणीत प्रत्येकीला हा संशय असतोच. म्हणून तर प्रत्येकजणी आपले दळण होईपर्यंत यंत्रासमोरच्या बाकावर बसून राहते, तीन वेळा रुळांतून मिरची जाईपर्यंत डोळा हलवत नाही. त्या बसण्यातूनच गल्लीच्या साऱ्या बातम्या निघतात.

“तुमचा तो मा नोटांचा गठ्ठा घेऊन पळाला,” ती म्हणाली. “कुणाला सांगितलं नाही, कुणाचा निरोप घेतला नाही. फलक बांधायला सगळ्यांच्या पुढं होता हो! आणि एका सकाळी पाहावं तर दुकान रिकामं. पहिला तोच फुटला, म्हणून बाकीच्यांचा धीर सुटला.”

“तू पाहिलास गठ्ठा?”

“गठ्ठा कुणी दाखवून घेतं का? तुम्हीपण ना. इकडं बघा, माझी मिरची सांडतेय.”

“तुझी नाही ती. मागचीची मूठ आहे. यंत्रात राहते, ती आधी पडते.”

“म्हणजे माझी मूठ पुढचीला जाणार.”

“आणि मागचीची तुला आली. चाळीस वर्षं हेच चाललंय. कुणाचं काही कमी झालं नाही.”

ती गेल्यावर मी बराच वेळ यंत्र बंद करून बसले. पळून जाणारा मनुष्य मी ओळखते. माझे यजमानच दोन वेळा पळाले होते आणि दोन्ही वेळा उपाशी परत आले. मा भावजी त्या जातीचे नव्हेत. ते विनोद करतात, वायफळ बोलतात, सोजू प्याले की गातात. पण गल्लीत नवा बिऱ्हाडकरू आला तर त्याच्या दाराचे कुलूप ते न सांगता तपासतात. मग असा मनुष्य चोरासारखा का गेला? हा प्रश्न मला संतापापेक्षा एखाद्या न सुटणाऱ्या गाठीसारखा वाटू लागला, आणि गाठ दिसली की माझी नखे स्वस्थ बसत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गिरण दुपारीच बंद केली. पोस्टमनकडून पत्ता काढला. नदीच्या बाजूला, एका चारमजली घराच्या गच्चीवरची खोली. चार मजले मी नव्या गुडघ्याने चढले; प्रत्येक पायरीवर मी त्यांना सुनवायचे एक एक वाक्य तयार केले, आणि वर पोहोचेपर्यंत अडुसष्ट वाक्ये झाली होती.

त्यांनी दार उघडले आणि माझी सगळी वाक्ये तिथेच राहिली. स्वयंपाकाच्या ओट्यावर, भाताच्या कुकरशेजारी, किल्ली कापायचे यंत्र होते. ते कुठल्याच तारेला जोडलेले नव्हते. त्यावर धुतलेले फडके नीट पसरले होते, जसे आपण पिंजऱ्यावर पसरतो. बाहेर गच्चीवर निळ्या ताडपत्रीखाली खोके रचलेले होते. मा भावजी त्र्याहत्तर वर्षांचे आहेत; त्या दिवशी ते प्रथमच तेवढे दिसले.

“वहिनी! जिने कसे चढलात?”

“पायांनी. गठ्ठा कुठंय?”

“कसला गठ्ठा?”

“गल्ली म्हणते, तुम्ही गठ्ठा घेऊन पळालात.”

ते हसू लागले आणि मग हसणे मध्येच थांबले. त्यांनी मला जवाचा चहा दिला, समोर बसले आणि आपली नखे पाहू लागले. करार संपला होता, नवे भाडे तिप्पट होते, आणि नियमाप्रमाणे त्यांना काहीच मिळायचे नव्हते, इतकीच गोष्ट. “मग सांगितलं का नाहीत?” मी विचारले. ते पुन्हा नखांकडे वळले. “वड्यांशिवाय कसं सांगणार?” ते म्हणाले.

मला प्रथम उमजले नाही. मग उमजले, आणि मी पेला खाली ठेवला. आमच्या गल्लीत दुकान उघडणारा आणि दुकान मिटणारा दोघेही दारोदार लाल घेवड्याच्या पिठीच्या वड्या वाटतात. वड्यांच्या ताटाबरोबर तोंडाने निरोप द्यायचा असतो; रिकाम्या हाताने कोणी निरोप घेत नाही. आणि वड्या माझ्या गिरणीतूनच जातात. जॉमसुनच्या काळापासून त्यांच्या घरचे एकही ताट दुसरीकडून आलेले नाही.

“तुमचं दार बंद होतं,” ते म्हणाले. “इस्पितळात तुम्हांला विचारायला आलो होतो एकदा. तुम्ही झोपला होतात. तोंड उघडं होतं.”

“तोंडाचं राहू द्या. बाजारात दुसऱ्या दोन गिरण्या आहेत.”

“तुम्ही परत येऊन ऐकलं असतंत, की मा भावजींनी वड्या दुसरीकडून आणल्या. मग माझी धडगत होती का?”

नव्हती. हे खरे होते. मी ते मनातल्या मनात तपासून पाहिले. मी एक वर्षभर त्यांच्याशी बोलले नसते, आणि तेही योग्यच मानले असते. माझ्या रागाला भिऊन एका माणसाने निरोप घेतला नाही, निरोप न घेतल्याने तो चोर ठरला, आणि तो चोर ठरल्याने गल्लीचा धीर सुटला. मी आयुष्यभर माझा दरारा दळणासारखा जपून बारीक केला आहे. तो कुठकुठल्या घरात जाऊन पडतो, हे पाहण्याचे कुतूहल मात्र मला त्या गच्चीवर, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, प्रथमच झाले. ताडपत्री वाऱ्याने वाजत होती. आणि त्या वाजण्यानेच, मी न बोलावता, दुसरी एक ताडपत्री आली.

ज्या वर्षी नदीकाठचा, पूर अडवणारा दरवाजा तुटला, त्या वर्षी आमचा गाळा छातीइतक्या पाण्यात गेला होता. पाणी उतरले तेव्हा मोटरमध्ये गाळ होता, आणि सणाला आठ दिवस होते. सणाचे ते दिवस आणि त्यामागून येणारी नव्या मिरचीची रास, यांवर गिरणीचे वर्ष उभे असते. ते चुकले तर आम्ही संपलो असतो. सासू जॉमसुन उंबऱ्यावर बसली होती, चिखलात, ताठ. तेव्हा चढावरून हा मनुष्य आला, तेहतीस वर्षांचा, आणि म्हणाला, “वहिनी, यंत्र वर आणा.” त्याचे दुकान उंचावर म्हणून कोरडे होते. त्याने आपली अर्धी जागा रिकामी केली, स्वतःचे सामान रस्त्यावर ताडपत्रीखाली लावले, आणि त्याच्या तारेवर आमचे दुरुस्त केलेले यंत्र चालू झाले. मी तिथे सणाच्या वड्या केल्या, लोकांची मिरची दळली. लाल धूळ त्याच्या खिळ्यांवर बसली आणि तो दिवसभर शिंकत गिऱ्हाइकांना खिळे देत राहिला. मध्ये दोनदा पाऊस आला. त्याची कितीतरी कड्या-कुलुपे गंजली, मी विचारले की तो म्हणे, “गंजलेलं कुलूप चोराला जास्त अवघड.” तेवीस दिवस. शेवटच्या दिवशी मी भाडे पुढे केले, तर त्याने हात मागे बांधले. सासू त्या दिवशी मला म्हणाली, “हे पैशाने फिटणारं नाही. जागेचं ऋण जागेनेच फिटतं.” जागेचे ऋण जागेने फेडायचे, म्हणजे कधीतरी त्याच्याजवळ जागा नसावी लागणार. म्हणून मी चाळीस वर्षे ते न फिटावे अशीच इच्छा धरली होती, आणि हळूहळू त्या इच्छेलाच मी विसरणे म्हणू लागले होते.

“यंत्र खाली आणा,” मी म्हणाले. “उद्या. माझ्या गाळ्यात दाराकडची अर्धी जागा तुमची. तेवीस दिवस.”

त्यांना आकडा ऐकताच कळले. माणसाला आपण दिलेले इतके स्पष्ट आठवत असते, हे पाहून मला थोडा रागही आला आणि बरेही वाटले. “वहिनी, ते सोडा आता. तुम्हांला सणाआधी जागा मोकळी करायची आहे, ऐकलंय मी. पैसे चांगले देतायत. उगाच माझ्यापायी—”

“मी विचारलं नाही. सांगितलं.”

खाली उतरताना खिडकीशी ऊन येणारी ती खोली पुन्हा माझ्या मनात आली. मी तिला नीट पाहून घेतले, कारण न मिळणाऱ्या वस्तूंविषयीही माणसाला कुतूहल असतेच. खिडकी दक्षिणेला होती. पडदे नव्हते. मग मी तिचे दार लावले. तेवीस दिवसांत सण येऊन जाणार होता, आणि सणाबरोबर वरकड रक्कमही.

पहिल्या दिवशी गल्लीने पाहिले आणि काही बोलली नाही. माझ्या दारात पळपुटा मा पितळाच्या किल्ल्या टांगत होता, आणि मी दळत होते. माझ्यासमोर त्याला कोण काय म्हणणार? दुसऱ्या दिवशी बाकावर बसलेल्या बायकांना बोलावेच लागले. मिरची तीन वेळा रुळांतून जायची, तोवर उठता येत नाही, आणि चार हातांवर ज्याला शिव्या दिल्या तो मनुष्य बसलेला. अशा वेळी मौन शिव्यांहून जड होते. तिसऱ्या दिवशी योंगतेच्या आईनेच तोंड फोडले.

“काय हो, गठ्ठा संपला वाटतं? पुन्हा किल्ल्या कापायला बसलात.”

“संपला,” मा भावजी म्हणाले. “सगळा जवाच्या चहात गेला.”

मी यंत्र थांबवले. जिथे यंत्र कधी मध्येच थांबत नाही तिथे ते थांबले की बायका दचकतात. मी त्यांना वड्यांची गोष्ट सांगितली. माझ्या दाराची, माझ्या रागाची. स्वतःचा भाग मी गाळला नाही. मग एक म्हणाली, “अगं बाई, खरंच, दुसरीकडच्या वड्या आणल्या असत्या तर यांनी त्याला जिवंत ठेवला असता का?” आणि साऱ्या माझ्याकडे पाहून इतक्या मोकळेपणाने हसल्या, की मला प्रथमच कळले, ही गोष्ट त्या माझ्यामागे किती वर्षे बोलत असणार. मी यंत्र पुन्हा सुरू केले. त्यानंतर जी येई ती बसल्याबसल्या एखादी किल्ली पुढे करी. सुनेसाठी एक, नातवासाठी एक, असू द्या म्हणून एक. घरोघरी जास्तीच्या किल्ल्या झाल्या असतील. मिरचीची धूळ आता त्यांच्या यंत्रावर बसत होती, आणि शिंकत मी होते, कारण पितळाचा तो आंबट वास माझ्या नाकाला सवयीचा राहिला नव्हता.

सणाच्या आठवड्यात शिन आला. उत्तराची मुदत संपत होती. मी त्याला बाकावर बसवले, बायकांच्या मध्ये. तिथे बसल्यावर त्याला आपोआप एक किल्ली कापून घ्यावी लागली. “आजी, कंपनीला काय सांगू?”

“करार संपेतो मी इथेच आहे. नंतर जाईन. पाटी माझ्याबरोबर जाईल, यंत्रही.”

“पाटी घेऊन तुम्ही काय करणार?”

“उलटी करून तिच्यावर मिरच्या वाळवीन. खाली दळण नसेल तर ती पाटी खोटं बोलेल. छप्पन्न वर्षं ती खरं बोललीय.”

त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या. मग त्याने विचारले की मिरची तीन वेळाच का दळायची, दोन वेळा का नाही. आणि हे तो खरोखर विचारत होता. मी त्याला तिन्ही वेळची पूड चिमटीत देऊन दाखवली. तो बराच वेळ बसला. जाताना तो मा भावजींसमोर वाकला आणि काहीतरी हळू बोलला. त्यांनी त्याच्या पाठीवर इतक्या जोराने थाप मारली की त्याचा तोल गेला. काय बोलला ते मी विचारले नाही. विचारायची इच्छा अजूनही आहे.

सणाचा दिवस आला आणि गेला. एकोणिसाव्या दिवशी योंगतेची आई मिरचीशिवायच आली, उभ्यानेच म्हणाली, “माझ्या घराच्या जिन्याखाली जागा आहे. कोळसा ठेवायचे पूर्वी. किल्लीवाल्याला पुरेल. भाडं मी काही मोठी मेहेरबानी म्हणून कमी घेणार नाही हं, जे रास्त ते घेईन.” तिचे स्वतःचे घर आहे, तिला तिथून कोणी उठवू शकत नाही. मा भावजींनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि लगेच किल्ल्यांचा फळा भिंतीवरून उतरवायला लागले. मी काठी आडवी धरली.

“चार दिवस राहिलेत.”

“वहिनी, जागा मिळाली ना आता. एकोणीस काय आणि तेवीस काय!”

“आमच्या घरात ऋण एकोणीस भाग फेडून चार भाग ठेवायची पद्धत नाही. बसा.”

ते बसले. ते चार दिवस फार विचित्र होते. काम जवळजवळ संपले होते, साऱ्या गल्लीच्या किल्ल्या कापून झाल्या होत्या. आम्ही दोघे अर्ध्या अर्ध्या जागेत समोरासमोर बसून होतो, आणि चाळीस वर्षांत जे कधी केले नाही ते केले: नुसते बसलो. त्यांनी मला त्यांच्या बायकोविषयी सांगितले, जी मरताना त्यांना कुलुपे तपासायला सांगून गेली. मी त्यांना सांगितले की मी माझ्या सासूला कधी आवडले नाही, आणि तरी तिने मला सगळे शिकवले. दुपारी ऊन गाळ्यात थोडे आत येई आणि आमच्या मधल्या रेषेवर थांबे. मला वाटे, वर्षअखेर या फरशीवर कोणीतरी लेप देईल, आणि एखादा मुलगा गुडघे टेकून विचार करेल की ही रेष कसली. त्याला काय वाटेल? मला ते जाणून घ्यायला आवडले असते.

बाविसाव्या दिवशी मी लाल घेवड्याच्या वड्या वाफवल्या. दोन ताटे मा भावजींनी एकत्रच वाटली, जाण्याचे आणि येण्याचे, आणि प्रत्येक दारात दोन्ही निरोप एका दमात दिले, शिनच्या दारातही. तेविसाव्या दिवशी त्यांनी सकाळी यंत्र लावले आणि संध्याकाळपर्यंत त्यावर एकही किल्ली कापली नाही. मग तारा गुंडाळल्या. योंगतेच्या आईने पाठवलेली हातगाडी दारात येऊन उभी राहिली. मी जागची उठले. ऋण फिटले, हे फेडणाऱ्याने म्हणायचे नसते. ज्याचे असते त्याने म्हणायचे असते. मी वाट पाहत होते, आणि ते, मनुष्य कितीही चांगला असला तरी तोंडाचा वायफळ, भलतेच बोलू लागले.

“उद्या येतो जवाचा चहा प्यायला.”

“या. पण तो दिवस यात धरायचा नाही.”

“म्हणजे पाहुणा म्हणून यायचं?”

“पाहुणा म्हणून. आधी काय बोलायचं ते बोला.”

त्यांनी टोपी काढली. डोके पूर्ण पांढरे झाले होते. ताडपत्रीखाली सामान लावणारा तो तेहतीस वर्षांचा मनुष्य मी त्यात शोधला, आणि तो सापडेतो त्यांना उभे ठेवले. मग ते दोन्ही हात बाजूला ठेवून, सणाला वडीलधाऱ्यांपुढे वाकतात तसे, पूर्ण वाकले.

“फिटलं, वहिनी,” ते म्हणाले. “तेवीसच्या तेवीस.”

मी मान हलवली आणि गाडीपुढची वाट मोकळी केली.